रूट पार्टिशन फुल झालं; फाइल डिलीट केली तरी जागा का मोकळी होत नाही?

वेबसाइट उघडते, पण लॉगिन होत नाही, फोटो अपलोड होत नाहीत आणि थोड्या वेळात डेटाबेसही बंद पडतो. अशा वेळी लिनक्स सर्व्हरचं रूट पार्टिशन भरलंय का, हे आधी बघायला हवं. ‘डीएफ’ ही कमांड कोणतं पार्टिशन किती भरलंय ते सांगते, तर ‘डीयू’ कोणत्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते दाखवते. ‘डीयू’ला ‘-एक्स’ जोडलं नाही, तर ती बाकीच्या डिस्कही मोजत बसते आणि भलत्याच फोल्डरवर संशय जातो.

घाईत मोठं दिसेल ते फोल्डर उडवणं सगळ्यात धोक्याचं. ‘व्हार’मधल्या ‘लिब’ फोल्डरमध्ये मायएसक्यूएलचा सगळा डेटा असतो, तो गेला की बॅकअपशिवाय परत मिळणं कठीण. त्यापेक्षा उबुंटूवर ‘एपीटी क्लीन’ने डाउनलोड केलेली जुनी पॅकेजेस काढता येतात, त्याने काही बिघडत नाही. जुने कर्नलही ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’नेच काढावेत, हाताने नाही.

खरा गोंधळ यानंतर होतो. समजा, 20 जीबीची लॉग फाइल डिलीट केली, तरी ‘डीएफ’चा आकडा जागचा हलत नाही. याचं कारण युनिक्सच्या रचनेत आहे. इथे फाइलचं नाव आणि तिचा डेटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आरएम’ कमांड फक्त नाव पुसते. एखाद्या प्रोग्रॅमने ती फाइल उघडून ठेवली असेल, तर तो ती सोडेपर्यंत डेटा डिस्कवरच राहतो. ‘डीयू’ नावांवरून मोजते, म्हणून तिला तो दिसत नाही, ‘डीएफ’ला दिसतो. दोघींच्या आकड्यांत मोठा फरक आला की संशय इथेच घ्यावा.

अशी फाइल कोणी धरून ठेवलीय, ते ‘एलएसओएफ +एल1’ सांगते. ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा सुटते. पुढच्या वेळी चालू लॉग डिलीट न करता ‘ट्रंकेट’ने रिकामा करावा.

फरकाचं आणखी एक कारण चटकन लक्षात येत नाही. बॅकअपची डिस्क एखाद्या रात्री माउंटच झाली नाही, तर बॅकअप रूटवरच्या त्याच नावाच्या फोल्डरमध्ये लिहिला जातो. नंतर डिस्क माउंट झाली की तो तिच्याखाली झाकला जातो. डिस्क अनमाउंट करून बघितल्यावर तो सापडतो.

कधी कधी जीबी शिल्लक असतात, पण आयनोड संपलेले असतात. लाखो बारक्या फाइल साचल्या की असं होतं. ‘डीएफ -आय’मध्ये ते कळतं.

ईएक्सटी4 फाइलसिस्टिम साधारण 5 टक्के जागा रूट युजरसाठी राखून ठेवते. ही जागा मोकळी करून घ्यायचा मोह होतो, पण डिस्क भरल्यावरही अॅडमिनला काम करता येतं ते तिच्याच जोरावर.