अंतर तेच, वाट निराळी

मुंबईहून लंडन किती लांब, असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर तो जवळ घ्या आणि या दोन शहरांवर एक दोरा ताणून धरा. दोरा बलुचिस्तान, इराण, कॉकेशसवरून काळ्या समुद्राकडे जाईल आणि युक्रेन, पोलंड, जर्मनी ओलांडून लंडनला टेकेल. हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. शिवछत्रपतींच्या काळीही ते एवढेच होते. माणसाला मात्र या दोऱ्यावरून सरळ जायला क्वचितच मिळाले आहे.

शिडाच्या जहाजांना सबंध आफ्रिकेला वळसा घालावा लागे. म्हणजे सुमारे २०,००० किलोमीटर, आणि वारा लावील तितके महिने! १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला, तेव्हा हीच जलवाट साडेअकरा हजार किलोमीटरांवर आली. आगबोटीने काही आठवड्यांत विलायत गाठता येऊ लागली.

मग आकाशाची वाट उघडली. १९२९ साली लंडनचे हवाई टपाल कराचीपर्यंत येऊ लागले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी ते स्वतः विमान चालवीत, अहमदाबादमार्गे, जुहूला आणले. पुढे ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान पस्तीस उतारू घेऊन मुंबईहून लंडनला निघाले. कैरो आणि जिनिव्हा येथे ते उतरले, ते काही हौसेने नव्हे बरं का! एका दमात एवढा पल्ला त्याला झेपत नव्हता. १९६० साली एअर इंडियाकडे बोइंग जेट आले आणि वेग वाढला. आज विमान कुठेही न उतरता नऊ-दहा तासांत लंडनला पोचते. परतताना वरच्या थरातला पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, म्हणून वेळ आणखी वाचतो.

मग आता तरी दोरा हाती आला म्हणायचा? छे! फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटले आणि युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना अशी कुलपे लागली. आणि हे काही नवे नाही. १९६७ च्या युद्धात सुएझचा कालवा बंद पडला तो १९७५ पर्यंत. त्या आठ वर्षांत आगबोटींना पुन्हा आफ्रिकेचाच वळसा पडला.

वाचकहो, यंत्राने वेळ कापता येतो, पण वाट सरळ व्हायला खालच्या जमिनीवर शांतता लागते. विलायतेहून येणाऱ्या लेकीची वाट पाहत तुम्ही विमानतळावर उभे असाल, तेव्हा हा दोरा आठवा. तिचे विमान जिथे वळसा घेते, तिथे खाली बहुधा कुणाची तरी लेक घरी परतायची राहिलेली असते.