तैलसिद्धीची कसोटी

मराठींतील 'तेल' हा शब्द संस्कृत 'तैल' या शब्दापासून आला आहे, आणि तैल म्हणजे मूळ अर्थानें तिळांतून निघालेला स्नेह. पुढें नारळ, मोहरी, करंज, एरंड यांचे स्नेहहि त्याच नांवानें ओळखले जाऊं लागले. नरकचतुर्दशीच्या पहांटे घरोघर होणाऱ्या अभ्यंगस्नानांत त्या जुन्या शास्त्राचें एक अंग आजहि टिकून आहे. परंतु अंगास तेल चोळणें निराळें आणि वनस्पतींचे गुण तेलांत उतरविणें निराळें. ही दुसरी गोष्ट एक स्वतंत्र विद्या होती. आणि तेल सिद्ध झालें हें ओळखावें कसें, हा तिच्यापुढील मुख्य प्रश्न होता.

प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. ओल्या पाल्यांत पाणी असतें. आंच कमी पडली तर ती ओल तेलांत राहते व तेल लवकर बिघडतें. आंच अधिक झाली तर औषधि करपून जाते. चरकसंहितेच्या कल्पस्थानांत म्हणूनच पाकाचे मृदु, मध्यम व खर असे तीन प्रकार सांगितले आहेत. नाकांत सोडण्यास मृदु, पोटांत घेण्यास व बस्तीस मध्यम, आणि अंगास चोळण्यास खर पाक योग्य, असा तेथें निर्णय दिलेला आहे.

अग्नि हाच एक मार्ग होता असें मात्र नव्हे. सहाव्या शतकांतील वराहमिहिर 'बृहत्संहिते'च्या गंधयुक्तिप्रकरणांत मंजिष्ठ, दालचिनी, कोष्ठ इत्यादिकांचें चूर्ण तेलांत घालून तें उन्हांत तापविण्यास सांगतो. त्या तेलास चांफ्याचा सुगंध येतो, असें त्याचें म्हणणें; आणि चांफ्याचें फूल तर त्यांत एकहि नाहीं ! वाग्भटाच्या 'अष्टांगहृदयां'त चेहऱ्यावरील वांगासाठीं केशर, वाळा, लाख, ज्येष्ठमध वगैरेंनीं सिद्ध केलेलें तेल आहे. तेंच 'कुंकुमादि तैल' या नांवानें आज बाजारांत मिळतें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें सुमारें इ. स. ११३० मध्यें रचलेल्या 'मानसोल्लासां'त राजाच्या स्नानभोगाचें वर्णन करितांना सुवासिक तेलांच्या अभ्यंगास मानाचें स्थान दिलें आहे.

तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास झालेल्या शार्ङ्गधरानें हें सारें ज्ञान मोजक्या नियमांत बसविलें. वनस्पतींचा वाटलेला कल्क एक भाग, तेल चार भाग, आणि काढा, रस अथवा दूध सोळा भाग, हें त्याचें सामान्य प्रमाण. पाक एका दिवसांत उरकूं नये, रात्रभर तसाच राहूं द्यावा, म्हणजे गुण वाढतो, असेंहि तो बजावतो. परीक्षा तीन : कल्क बोटांत वळला असतां त्याची वात व्हावी, ती विस्तवावर टाकली असतां चटचट आवाज होऊं नये, आणि तेलावर फेंस यावा. तूप असेल तर उलट, आलेला फेंस मावळावा.

विस्तवावरील त्या आवाजाचें कारण आज सहज सांगतां येतें. कल्कांत उरलेलें पाणी एकदम वाफ होऊन फुटतें, तोच तो आवाज. पाणी गेलें म्हणजे बुरशीस व जंतूंस वाढावयास आधार उरत नाहीं. सूक्ष्मदर्शकाच्या शतकानुशतकें आधीं तेल करणाऱ्यांनीं ही गोष्ट बोटांनीं आणि कानांनीं हेरली होती.

पुढें ही परीक्षा घरांतून निघून कारखान्यांत गेली. औषधांचा कायदा १९४० सालीं झाला. आयुर्वेदीय औषधें १९६४ च्या दुरुस्तीनें त्याच्या कक्षेंत आलीं. आणि भारत सरकारच्या आयुर्वेदीय योगसंग्रहाचा पहिला भाग १९७८ सालीं निघाला. बाटली विकत घेणाऱ्यास आतां वात वळून पाहतां येत नाहीं. त्याला चिठ्ठीवर विश्वासावें लागतें. ज्या घरांत आजहि माका अथवा जास्वंद खोबरेल तेलांत कढवितात, तेथें मात्र चटचट थांबेपर्यंत मंद आंचेवर धीर धरणारी गृहिणी शार्ङ्गधराचाच नियम पाळीत असते, मग तिनें त्याचें नांव ऐकलेलें असो वा नसो.

एक भेद मात्र विसरतां कामा नये. या कसोट्यांनीं 'सिद्ध' ठरतो तो पाक. त्या तेलानें अमुक विकार बरा होतो हें त्यांनीं सिद्ध होत नाहीं. त्यासाठीं निराळी परीक्षा हवी. उत्तम कढलेलें तेलहि एखाद्याच्या त्वचेस सोसत नाहीं. म्हणून नवें तेल प्रथम हातावर थोडेंसें लावून पाहणें, आणि जखमेवर किंवा तान्ह्या मुलाच्या अंगावर वैद्यास विचारल्यावांचून न लावणें, हेंच शहाणपणाचें. ज्यांनीं वातीचा आवाज ऐकल्याखेरीज तेल गाळूं नये असें शिकविलें, त्यांच्या वारसांनीं परीक्षेवांचून कांहींहि मान्य करूं नये, हेंच त्या विद्येस शोभेल.