चितेजवळचे त्रिशरण

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्म दिला आणि ६ डिसेंबरला दिल्लीत ते गेले. मधे दिवस अवघे ५३! आमचा जन्म पुढचा. पण वडीलधारे सांगत, घरातले देव काढलेले, आणि वाट दाखवणाराही गेला. आता कुणाकडे बघायचं?

७ डिसेंबरला दादर चौपाटीवर, चितेजवळच, भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या अफाट जनसमुदायाला दीक्षा दिली. त्रिशरण पाठ होतं कुणाला? भन्ते म्हणतील तसं रडत रडत मागून म्हटलं. बाबासाहेबांचा धम्मग्रंथ १९५७ साली निघाला, तोही इंग्रजीत. तोवर आमची माणसं पाळी सुटल्यावर कुणाच्या तरी खोलीत जमून वंदना घोकत बसली. चुकत होती, पण बसत होती. सकाळी पुन्हा गिरणीचा भोंगा होताच.