चाबूक आणि लगाम : गाईच्या वाढीचा इतिहास

मालवणच्या दक्षिणेस, कर्ली नदीच्या मुखाशीं तारकर्ली हें गांव आहे. तारकर्लीसह सारा सिंधुदुर्ग ज्या गाईचा मुलूख, ती कोंकण-कपिला घाटावरच्या खिल्लारापुढें अगदीं ठेंगणी भासते. परक्यास ती खुरटलेली वाटते. पण २०१८ सालीं ती स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारीं नोंदली गेली. तरीहि प्रश्न उरतोच : एखादें औषध टोचून ही गाय मोठी आणि दुधाळ करतां येईल काय ?

या प्रश्नाचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. १९२१ सालीं कॅलिफोर्नियांत इव्हान्स व लाँग यांनीं गुरांच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क उंदरांना टोचला आणि उंदीर अवाढव्य वाढले. मेंदूच्या बुडाशीं असलेल्या या चिमुकल्या ग्रंथींत वाढीची किल्ली आहे, हें त्यावरून उमगलें. १९३७ सालीं रशियन शास्त्रज्ञांनीं तसाच अर्क गाईंना देऊन दूध वाढविलें. महायुद्धांत दुधाची टंचाई पडली तेव्हां इंग्लंडनेंहि या उपायाचा विचार केला. परंतु कसाईखान्यांतून मिळणाऱ्या ग्रंथि त्यास पुरणाऱ्या नव्हत्या. १९४४ सालीं ली व इव्हान्स यांनीं गुरांच्या ग्रंथींतून हा अंतःस्राव शुद्ध रूपांत वेगळा काढला.

पण ग्रंथीस हुकूम देतो कोण ? १९७३ सालीं गिलमँ यांच्या प्रयोगशाळेंत मेंढ्यांच्या मेंदूंत स्राव वाढविणारें द्रव्य शोधणें चालू होतें. हातीं लागलें तें नेमकें उलट, स्राव रोखणारें ! त्याला सोमॅटोस्टॅटिन हें नांव मिळालें. स्राव सोडविणारें द्रव्य सांपडण्यास १९८२ साल उजाडलें, आणि तेंहि माणसाच्या स्वादुपिंडावरील गांठींत. पुढल्याच वर्षीं गाईंतील तसें द्रव्य ओळखलें गेलें. एक चाबूक, दुसरा लगाम. दोहोंच्या ओढाताणींत गाईच्या रक्तांत हा स्राव लाटांनीं उसळतो आणि ओसरतो.

यापुढची गोष्ट अधिक नवलाची आहे. उपाशी गुरांत हा स्राव आटत असेल, असें कोणासहि वाटेल. प्रत्यक्षांत तो वाढतो ! मात्र एरव्हीं त्याच्या हुकमावरून वाढीचें दुसरें द्रव्य रक्तांत सोडणारें यकृत उपासमारींत त्याला दाद देत नाहीं. मग हा स्राव अंगची चरबी वितळवून जनावरास जगवितो, हाडामांसाची वाढ थांबते. हुकूम सुटतो, पण कोठार रिकामें असतें.

१९९३ सालीं अमेरिकेनें कृत्रिम रीत्या तयार केलेल्या या स्रावास दुभत्या गाईंकरितां परवानगी दिली. सडांचा दाह आणि लंगडेपणा यांच्या भयानें कॅनडानें १९९९ सालीं तो नाकारला. युरोपांतहि त्यावर बंदी आली.

कोंकणांत पावसाळ्याचे चार महिने हिरवे. पुढें जांभ्याच्या सड्यावरील गवत वाळतें आणि पेंढ्यावर दिवस काढावे लागतात. अशा गोठ्यांत सुई आधीं नेणें म्हणजे रिकाम्या हौदास तोटी बसविणें होय. कपिलेचें ठेंगणेपण हा रोग नव्हे. थोड्या वैरणींत, उन्हांत आणि चढउतारांवर टिकणारी ती प्रकृति आहे. तिला मोठी करण्याचा विचार करण्यापूर्वीं तिच्या दावणींत उन्हाळ्याची हिरवी वैरण पडते काय, हेंच पाहिलें पाहिजे.