विमानातली शाळा आणि मुलांचे प्रश्न

१९६१ ते १९६८ या काळात आपल्या इंडियानातल्या मुलांना काही धडे अक्षरशः आकाशातून मिळत. वेस्ट लाफायेटला पर्ड्यू विद्यापीठाच्या धावपट्टीवरून एक डीसी-६ विमान उडायचे आणि माँटपिलियर या छोट्या गावावर सुमारे २३,००० फुटांवर घिरट्या घालत राहायचे. विमानात व्हिडिओटेपची यंत्रे, पोटाखाली उभा सोडलेला लांबलचक अँटेना. विज्ञान, स्पॅनिश, फ्रेंच, संगीत असे आधी टेप केलेले धडे तिथून इंडियानासह सहा राज्यांतल्या शाळांत दिसत. टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जातात, म्हणून मनोरा जितका उंच तितका पल्ला मोठा. तेवीस हजार फुटांचा मनोरा कोण बांधणार? म्हणून विमान! पैसा मुख्यतः फोर्ड फाउंडेशनचा होता.

मराठी शाळेच्या पालकसभेत गेल्या महिन्यात प्रश्न निघाला की, आपल्या मुलांचा वर्ग महाराष्ट्रातल्या एखाद्या शाळेशी व्हिडिओवरून जोडावा का. काहींनी "त्यापेक्षा रायगडची चांगली फिल्म दाखवा" असे सुचवले. त्या निमित्ताने आम्ही हा जुना इतिहास चाळला, आणि चाळताना प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट शोधली: मुलाला उलट प्रश्न विचारता येत होता का?

विमानाच्या शाळेत येत नव्हता. मुलाने हात वर केला तरी टेप पुढे सरकायची. न समजलेले नंतर वर्गातल्या बाईंनी निस्तरायचे. पुढे खर्च परवडेना, सरकारने हव्या तेवढ्या वाहिन्या दिल्या नाहीत, आणि १९६८ मध्ये विमान खाली उतरले ते कायमचेच.

दोन्ही बाजूंनी दिसण्याची सोय तेव्हा अगदीच नव्हती असे नाही. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल कंपनीने पिक्चरफोन मांडला आणि १९७० मध्ये पिट्सबर्गला तो विकायलाही काढला. महिन्याला १६० डॉलर, तेही अर्ध्या तासाच्या बोलण्याचे. शाळांनी त्याचे नाव काढू नये हे बरोबरच होते.

यापुढचा भाग आपल्याला अधिक जवळचा. ३० मे १९७४ रोजी नासाने एटीएस-६ हा उपग्रह सोडला. पहिले वर्ष तो अमेरिकेच्या सेवेत होता. ॲपलॅचियाच्या डोंगराळ भागातले शिक्षक त्याच्यामार्फत अभ्यासक्रम घेत. त्यांच्यासाठी थेट चर्चासत्रे होत आणि त्यात त्यांना प्रश्नही विचारता येत. मग १९७५ मध्ये हाच उपग्रह सरकवून पूर्व आफ्रिकेच्या वर आणला, आणि १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत तो भारताला वापरायला मिळाला. आंध्र, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतली सुमारे २,४०० खेडी. (महाराष्ट्र त्यात नव्हता.) गावात एक टीव्ही संच आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी ताटली. सकाळी दीड तास शाळेचे कार्यक्रम, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी.

ज्या गावांनी तोवर टीव्ही पाहिला नव्हता, तिथे एकदम उपग्रहावरून चित्र आले, ही गोष्ट इस्रोच्या अभियंत्यांना मान खाली घालायला लावणारी खासच नाही. तरी आमची कसोटी लावली तर उत्तर पुन्हा नाही असेच येते. एकाच उपग्रहावरून ॲपलॅचियाच्या शिक्षकाला प्रश्न विचारता आला आणि राजस्थानातल्या मुलाला आला नाही. दोष उपग्रहाचा नव्हता. आपल्या खेड्यांतून परतीची वाटच नव्हती, तिथे तेव्हा साधा फोन कुठे होता? पुढे आपल्यापैकी अनेकांनी घरी बसून पाहिलेले पुण्याच्या बालचित्रवाणीचे कार्यक्रमही असेच एकेरी. गोड होते, आम्ही आवडीने पाहिले, पण आम्ही काय विचारतो ते पडद्याला ऐकू येत नव्हते.

'सहल' हा शब्द यात आला तो एका दुःखद प्रसंगाने. न्यू हॅम्पशायरच्या शिक्षिका क्रिस्टा मॅकऑलिफ ११,००० हून अधिक अर्जदारांतून निवडल्या गेल्या. चॅलेंजर यानातून त्या मुलांना दोन धडे देणार होत्या. त्यातल्या एकाचे नावच 'द अल्टिमेट फील्ड ट्रिप'. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान नष्ट झाले, आणि देशभरच्या वर्गांतली मुले ते थेट पाहत होती. त्यांच्या राखीव शिक्षिका बार्बरा मॉर्गन २००७ मध्ये अंतराळात गेल्या आणि तिथून त्यांनी आयडाहोच्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरे दिली.

मुलांच्या हाती खरा लगाम दिला तो रॉबर्ट बॅलार्ड यांनी. १९८५ मध्ये टायटॅनिक सापडल्यावर त्यांना मुलांची हजारो पत्रे आली: आम्हालाही न्या! सगळ्यांना बोटीवर नेणे अशक्य, म्हणून १९८९ मध्ये त्यांनी जेसन प्रकल्प सुरू केला. भूमध्य समुद्राच्या तळाशी यंत्रमानव, आणि त्याचे चित्र उपग्रहावरून अमेरिका-कॅनडातल्या वस्तुसंग्रहालयांत जमलेल्या मुलांपुढे. पहिल्याच वर्षी दोन लाखांहून अधिक मुले. पुढच्या मोहिमांत तर काही मुलांनी शेकडो मैलांवरून तो यंत्रमानव स्वतः चालवला.

१९९२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात सीयू-सीमी हा प्रोग्रॅम तयार झाला आणि वर्षभरात काही शाळा इंटरनेटवरून एकमेकींना पाहू लागल्या. चित्र करडे, तिकिटाएवढे, अडखळणारे. पण समोरचे मूल हात हलवायचे आणि इकडचे मूल हात हलवून उत्तर द्यायचे. अमेरिकेतल्या सरकारी शाळांच्या जेमतेम ३ टक्के वर्गखोल्यांत १९९४ मध्ये इंटरनेट होते. २००३ मध्ये ते ९३ टक्क्यांवर गेले. मार्च २०२० नंतर काय झाले ते सांगायला नको, आपली शनिवारची शाळाही पडद्यावर भरली होती.

उलट गूगलने २०१५ मध्ये पुठ्ठ्याच्या चष्म्यातून दाखवलेल्या 'एक्सपिडिशन्स' या सहली २०२१ मध्ये बंद झाल्या. चित्रे सुरेख होती, पण पलीकडे माणूस नव्हता. प्रश्न विचारायचे ते आपल्याच वर्गातल्या बाईंना. आम्ही पेशाने रसायनवाले, म्हणून एक भर घालतो: पडद्यावर रंग बदलताना दिसतो, वास येत नाही. त्यामुळे तिकडच्या मुलांना विचारावेच लागेल की पहिल्या पावसानंतर तुमच्या अंगणात कसला वास येतो. फिल्म हे सांगणार नाही.

म्हणून आमचे मत फिल्मपेक्षा जोडणीकडे. अडचण घड्याळाची आहे. महाराष्ट्रात शनिवारी सकाळची शाळा साडेसातला भरली, तर आपल्याकडे शुक्रवारचे रात्रीचे दहा वाजलेले असतात, हिवाळ्यात नऊ. लहान गटाला ते जमायचे नाही. दहा वर्षांवरच्या मुलांना हिवाळ्यात महिन्यातून एकदा जमू शकेल. ज्यांची गावाकडच्या एखाद्या शाळेत ओळख असेल त्यांनी पुढच्या सभेपूर्वी कळवावे. आणि मुलांकडून प्रत्येकी तीन प्रश्न मराठीत लिहून आणावेत. पालकांनी ते सुधारू नयेत.