सोमवारचं डोकं

आमच्या चिखलीवर कधी बॉम्ब पडला नाही. तुकोबा वैकुंठाला निघाले तेव्हा त्यांचा टाळ इथं पडला म्हणतात, म्हणून आम्ही टाळगाव चिखली. आभाळातून गावात काही पडल्याची एवढीच गोष्ट. तरी १९७१ च्या लढाईत, डिसेंबरात, उजेड वर दिसू नये म्हणून आज्जीनं कंदिलावर कोंबड्यांचं डालगं पालथं घालून वर गोधडी टाकली होती. गोधडीला तेव्हा भोक पडलं असं ती सांगायची. चुलते म्हणायचे, ते भोक उंदरानं पाडलेलं. खरं काय ते आता विचारायला कुणी उरलं नाही.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पंजाबपासून राजस्थानपर्यंत आपल्या विमानतळांवर हल्ला केला होता. लोहगावला तेव्हा कॅनबेरा विमानं होती आणि दुसऱ्या अंगाला देहूरोडचं दारूगोळ्याचं कोठार. आज्जीचा हिशोब सरळ होता. "त्या इमानाला वरनं चिखली कुठली आन् देहूरोड कुठलं, काय कळतंय? त्ये काय खाली उतरून नाव इचारतंय व्हय?" दिवस मावळायच्या आत चूल विझवायची, म्हणून हुलग्याचे शेंगोळे उन्हातच शिजायचे आणि रात्री अंधारात गार गिळायचे. गार शेंगोळे ज्यानं खाल्लेत त्याला लढाईचं वेगळं वर्णन सांगायला नको.

विमान काही आलं नाही. पण लढाई आमच्या घरात आधीपासूनच होती.

आजोबा, म्हणजे आमचे आबा, दारूच्या कारखान्यात होते. (पिण्याच्या नव्हे. नवी सोयरीक आली की आज्जीला हे आधी सांगावं लागे.) अंगात बिनखिशाचे सुती कपडे, पायताणाला खिळा नको, बिडी-काडी फाटकाबाहेर. बिडी सुटली ती कायमची, मग तंबाखू आली. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली तरी उंबऱ्यात पाय ठेवण्याआधी ते अंग चाचपायचे. काडेपेटी राहिली की काय, ते बघायला. दिवाळीत पोरांचे फुलबाजे लावायला कधी पुढं आले नाहीत. आम्हाला वाटायचं, म्हातारा कंजूष आहे.

आणि त्यांचं सोमवारचं डोकं. सोमवारी घरी आले की कपाळाला फडकं घट्ट बांधून भिंतीला टेकून बसायचे, आणि पोरांनी आवाज करायचा नाही. आज्जी गुळाचा खडा हातावर ठेवायची. घशातली भुकटी गुळानं उतरते, असा तिचा ठाम समज. शनिवारपर्यंत डोकं ठीक होई, पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. रविवारच्या विसाव्याला नजर लागते म्हणून तिनं मीठ-मिरच्याही ओवाळल्या. मला पुष्कळ उशिरा वाचायला मिळालं की नायट्रोग्लिसरीन हाताळणाऱ्यांचं असंच होतं. ते कातडीतून अंगात उतरतं, रक्तवाहिन्या फुगवतं, डोकं ठणकतं. काही दिवसांत शरीराला त्याची सवय होते आणि सुट्टीत ती मोडते. परदेशातले कामगार म्हणे रविवारी थोडं द्रव्य टोपीच्या पट्टीला लावून ठेवायचे, सवय मोडू नये म्हणून. आबांचं दुखणं नेमकं हेच होतं की आणखी काही, कसं सांगू? कुठल्या डॉक्टरनं ते लिहून ठेवलेलं नाही.

आपण भरलेलं कुठं जाऊन फुटलं, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. म्हणाले, "पेटीवर नंबर असतो बाळा, गावाचं नाव नसतंय."

गावांचं म्हणाल, तर देहूरोडच्या कोठाराभोवती दोन हजार यार्डांची, म्हणजे सुमारे १,८३० मीटरची, रेड झोनची रेघ आहे. तळवडे, निगडी, यमुनानगर, रुपीनगर आणि आमच्या चिखलीचाही काही भाग त्या रेघेत सापडला. कंपन्यांत कामाला आलेल्यांनी पै-पै साठवून गुंठा घेतला, घर बांधलं, आणि मग कळलं की बांधकामाला परवानगी मिळत नाही.

२०२५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात पुन्हा सायरन वाजले, सरावाचे. तिकडं पूंछमध्ये पाकिस्तानी तोफगोळे पडून घरात बसलेली माणसं मरत होती. इकडं टीव्हीवर एक जण कौतुकानं सांगत होता की ड्रोननं लढायचं म्हणजे आपल्या माणसाला धोका नाही. मला आबांच्या कपाळावरचं फडकं आठवलं. घिरट्या घालून लक्ष्यावर झेपावणारं आपलं 'नागास्त्र' ड्रोन नागपूरचं. ज्या उद्योगसमूहात ते बनतं, त्याच समूहाच्या बाजारगावच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ ला स्फोट झाला. स्फोटकांच्या बूस्टरच्या पॅकिंगचं काम चाललं होतं. नऊ जण गेले, त्यांत सहा बायका. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या दारूगोळ्याच्या कोठारात आग लागली, तेव्हा ती विझवायला गेलेलेच जळाले. बाजारगावच्या आणि पुलगावच्या या माणसांवर शत्रूनं नेम धरला नव्हता. म्हणून लढाईच्या हिशोबात त्यांना कुणी धरत नाही, आणि हा हिशोब मला खोटा वाटतो.

खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, कुठंही तुमच्या घरचं कुणी दारूत हात घालून निवृत्त झालं असेल, तर त्यांच्याजवळ जरा बसा. पदकं नसतील त्यांच्याकडं. सोमवारी डोकं दुखायचं का, एवढं विचारा आणि जे सांगतील ते तारखेसकट लिहून ठेवा. आम्ही ते केलं नाही.