तीन खेड आणि एक लांबलचक यादी

आजचा विषय तसा किरकोळ वाटेल. ऑनलाइन अर्ज भरताना गावाच्या रकान्यावर बोट ठेवलं, की एक लांबलचक यादी खाली उलगडते. तिला ड्रॉपडाउन म्हणतात. यादी सरकवत राहायचं आणि आपलं गाव शोधायचं. नजर चुकली, शेजारचं नाव दाबलं गेलं, की अर्ज भलत्याच गावाच्या खात्यात. मग हेलपाटे आलेच. आम्हाला आज एवढंच सांगायचंय, की हा प्रश्न संगणकाच्या आधीचा आहे आणि त्याची चांगली उत्तरंही संगणकाच्या आधीची आहेत. त्यातलं एक बघायला आपण स्वारगेटच्या एसटी स्थानकावर जाऊ.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. पुढे मार्ग वाढले, थांबे वाढले. पण ती सगळी यादी प्रवाशापुढे कधी आलीच नाही. सातारा, कोल्हापूर, सांगलीकडे जायचं तर स्वारगेट. नाशिककडे जायचं तर शिवाजीनगर. म्हणजे बरीचशी यादी घरातून निघतानाच गळाली. फलाटावरची पाटी वाचली, आणखी गळाली. गाडीत वाहकापुढे उरले ते त्या मार्गावरचेच थांबे, आणि तेही अकारविल्हे नाहीत, रस्त्यावर येतील तसे: कात्रज, खेड-शिवापूर, शिरवळ, सातारा.

आता ‘खेड’ घ्या. एक साताऱ्याच्या वाटेवरचं खेड-शिवापूर, दुसरं पुणे जिल्ह्यातलं, ज्याला आपण राजगुरुनगर म्हणतो, तिसरं रत्नागिरी जिल्ह्यातलं. अकारविल्हे यादीत तिन्ही एकाखाली एक बसतात आणि माणूस फसतो. साताऱ्याच्या गाडीत ‘दोन खेड द्या’ म्हटलं, तर कुठलं खेड हा प्रश्नच उरत नाही. संदर्भानंच निवड केलेली असते.

टपालखात्यापुढेही हाच गोंधळ होता. सारख्या नावांची गावं, त्यात पत्ते निरनिराळ्या लिप्यांत. यावर तोड काढली ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. स्वारगेटचा पिन ४११०४२. पहिला ४ म्हणजे देशाचा एक विभाग, ४११ पर्यंत आलो की पुणे, आणि शेवटचे तीन आकडे टपाल कार्यालयाचे. प्रत्येक आकड्याला यादी आखूड होत जाते. वाहक आणि वेलणकर, दोघांची युक्ती एकच: माणसाला जे आधी माहीत असतं, ते आधी विचारा.

महाराष्ट्रात ४० हजारांहून जास्त गावं आहेत. म्हणून जिल्हा, मग तालुका, मग गाव, ही पायरी बरोबरच आहे. पण तेवढ्यानं भागत नाही. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि नाव ‘औ’वरून ‘छ’वर गेलं. जुन्या सवयीनं ‘औ’पाशी शोधणाऱ्याला वाटतं, आपला जिल्हाच यादीत नाही. दुसरं, मुळाक्षरं म्हणताना आपण ‘ळ’ हा ‘ह’नंतर म्हणतो, संगणकाच्या संकेतांत तो ‘ल’च्या लगेच पुढे आहे. यादी लावणाऱ्यानं लक्ष दिलं नाही, तर अक्षरांचा क्रम वाचणाऱ्याच्या क्रमाशी जुळत नाही.

मग करायचं काय? दोन अक्षरं टाइप केली की यादी गाळली जावी. जुन्या नावानंही नवं सापडावं. गावाच्या नावाशेजारी तालुका दिसावा. जमेल तिथे आधी पिन विचारावा. यातलं काहीच नवं नाही. अर्ज तयार करणाऱ्यांना आमची एकच विनंती: एकदा साताऱ्याच्या एसटीनं जा आणि वाहक तिकीट कसं देतो, ते शांतपणे बघा.